एका बिलाचे १७९ दिवस

३० सप्टेंबर २०२३ ला आमच्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फर्मनं एका फौंड्रीला (धातू ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्याला) सहा लाखांचं बिल दिलं. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,०८,०००, एकूण ७,०८,००० रुपये. पैसे आले २७ मार्च २०२४ ला. मधल्या दिवसांत आम्ही काय केलं, काय करायला निघालो होतो आणि कुणाच्या जिवावर तग धरला, त्याची ही नोंद आहे. फौंड्रीचं नाव देत नाही. मालक लबाड नव्हता, आणि हे प्रकरण त्याच्यापेक्षा आमच्याबद्दल जास्त आहे.

आम्ही दोघं भागीदार, दोघंही इंजिनिअर, ऑफिस कोल्हापुरात. पगारावर सात जण आणि गरजेप्रमाणे बाहेरून काम करणारा एक फ्रीलान्सर. फर्म साधी भागीदारीची, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नाही. म्हणजे १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मचं देणं फिटलं नाही, तर दोघांच्याही घरादारापर्यंत येऊ शकतं. सुरुवातीला एलएलपी करायचं बोलणं झालं होतं. पण दरवर्षीचे दोन फॉर्म आणि सीएची फी ऐकून आम्ही म्हटलं, बघू पुढं. ते ‘पुढं’ कधी आलं नाही.

काम होतं हीट रेकॉर्डचं. ज्यांनी फौंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भट्टीतून एकदा वितळलेल्या धातूचा जो रस ओतला जातो ती एक हीट. तिला नंबर असतो, आणि त्या नंबरावर स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट, तापमान, कोणत्या पॅटर्नची (साच्याच्या नमुन्याची) किती कास्टिंग (ओतीव भाग) निघाली आणि किती रिजेक्ट झाली, हे सगळं टांगलेलं असतं. मोटारींचे पार्ट घेणारी गिऱ्हाइकं हीट नंबराच्या सर्टिफिकेटशिवाय माल उतरवून घेत नाहीत. पूर्वी हे वह्यांत चालायचं, ते आम्ही सॉफ्टवेअरमध्ये आणलं. ठरलेले २४ लाख, सहा-सहा लाखांच्या चार टप्प्यांत. पहिले दोन टप्पे महिना-दीड महिन्यात मिळाले. तिसरा टप्पा, म्हणजे हेच बिल, सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालू झाल्यावर मिळायचा होता. करारात मी स्वतः लिहिलेलं वाक्य होतं: ‘काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत’. स्वीकारलं म्हणजे कुणी, कशावर सही करून, ते लिहिलं नव्हतं. कोड लिहिताना रिकामी जागा सोडली तर काय होतं हे आम्हाला पक्कं माहीत होतं. करार लिहिताना मात्र त्याचा विसर पडला.

७ ऑक्टोबर

आमच्याकडे पगार ७ तारखेला होतो. त्या सकाळी चालू खात्यात ३,१०,००० होते. पगार २,८५,०००, जागेचं भाडं २२,०००, फ्रीलान्सरला टीडीएस (पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारजमा करायचा आयकर) कापून द्यायचे ३६,०००, आणि २० तारखेपर्यंत भरायचा सप्टेंबरचा जीएसटी १,२९,०००. बेरीज ४,७२,०००.

जीएसटीचा आकडा एवढा का, हे धंद्यात नवीन येणाऱ्याला पटकन कळत नाही. कर बिलावर लागतो, पैसे आल्यावर नाही. फौंड्रीनं रुपयाही दिला नव्हता, तरी तिच्या बिलाचे १,०८,००० आम्हाला सरकारजमा करायचे होते. माल विकणाऱ्याला निदान खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर त्याच्या देण्यातून वजा होतो. आमच्यासारख्यांचा मोठा खर्च पगारांचा, आणि पगाराला जीएसटी नाही. त्या महिन्यात आमचं क्रेडिट होतं ९,०००, तेही क्लाउड सर्व्हर आणि एका लॅपटॉपमुळे.

भागीदार म्हणाला, “पगार देऊया. जीएसटी राहू दे महिनाभर.”

मी हो म्हणालो. पगार थांबवायचा विचारही मनात आला नाही, आणि त्याचा आजही पश्चात्ताप नाही. पण हे ठरवताना दोघांनी जो हिशेब केला तो चुकीचा होता. आम्ही मोजलं ते असं: उशिराचं व्याज वर्षाला १८ टक्के, लेट फी दिवसाला ५० रुपये. पुढं प्रत्यक्षात ४० दिवस उशीर झाला, तेव्हा व्याज २,५४५ आणि लेट फी २,००० झाली. बँकेच्या दारात जाऊन उभं राहण्यापेक्षा हे बरं, असं वाटलं. सरकारचे पैसे वापरायला मिळतायत, फारसं विचारत कुणी नाही. अशा फर्म मी बऱ्याच पाहिल्यात ज्यांचं खेळतं भांडवल म्हणजे दुसऱ्याचा जीएसटी, आणि मालकांना ते माहीतही नसतं.

तर आम्ही ११ तारखेला बिलांचा तपशील देणारं रिटर्न, जीएसटीआर-१, भरलं आणि २० तारखेला पैसे भरायचं रिटर्न, ३बी, सोडून दिलं. फौंड्रीच्या खात्यात १,०८,००० चं क्रेडिट दिसायला लागलं. पैसे न देता कराचं क्रेडिट त्यांना, आणि पैसे न मिळता कराचं देणं आम्हाला.

खोकीवाले

पुठ्ठ्याची खोकी बनवणारे एक छोटे कारखानदार आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांना २० ऑक्टोबरला ७५,००० चं बिल दिलं, वर १३,५०० जीएसटी. नेहमीप्रमाणे दहा दिवसांत पैसे आले. ते आले तसे ७ नोव्हेंबरच्या पगारात आणि दिवाळीला प्रत्येकाला दिलेल्या पाच-पाच हजारांत गेले. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून मी माझ्या एफडीवर दोन लाखांचा ओव्हरड्राफ्ट काढला. घरी सांगितलं, पण दोन दिवसांनी.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खोकीवाल्यांचा फोन आला. “साहेब, तुमचं बिल आमच्यात दिसंना झालंय. अकाउंटंट म्हणतोय क्रेडिट घेता येणार नाही. मी तर पैसे दिलेत की.”

झालं होतं असं. आधीच्या महिन्याचं ३बी भरलेलं नसेल, तर पोर्टल पुढच्या महिन्याचं जीएसटीआर-१ भरू देत नाही. १ जानेवारी २०२२ पासून तसा नियम आहे. आमचं सप्टेंबरचं ३बी अडकलेलं, म्हणून ऑक्टोबरची सगळी बिलं अडकली. ३बी थोडेथोडे पैसे टाकूनही भरता येत नाही, पूर्ण रक्कम असेल तरच ते सबमिट होतं. फौंड्रीनं थकवलेल्या पैशांचा फटका, ज्यानं दहा दिवसांत पैसे दिले त्याला बसला होता. त्याचे १३,५०० मी पगारात वाटून टाकले होते.

व्याज आणि लेट फीच्या हिशेबात ही ओळच नव्हती. त्या माणसाला मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, “असू दे, पुढच्या महिन्यात घेतो.” आवाज नेहमीसारखाच होता. मला मात्र पुढचे काही महिने त्यांच्या कारखान्यासमोरून जायला नको वाटायचं. २९ नोव्हेंबरला दुसऱ्या एका कामाचे पैसे आले आणि आम्ही सगळं भरून मोकळं झालो.

त्याच आठवड्यात फर्मचं दुसरं चालू खातं उघडलं. कुठलाही पैसा आला की त्यातला जीएसटी, कुणाचा कापलेला टीडीएस, पगारातून कापलेला दोनशे रुपयांचा व्यवसाय कर, हे त्याच दिवशी तिकडे जातं. त्या खात्याचं नेट बँकिंग माझ्याकडे नाही आणि भागीदाराकडेही नाही. ऑफिसचं हिशेबाचं काम बघणाऱ्या ताई चलन करतात, आम्ही चेकवर दोघं सह्या करतो. मुद्दाम गैरसोयीचं ठेवलंय.

“देतो की, कुठं पळून चाललोय?”

करारातले ४५ दिवस १४ नोव्हेंबरला, नेमके पाडव्याला संपले. मी फोन केला की मालक म्हणायचे, “देतो की, कुठं पळून चाललोय?” त्यांच्या अकाउंटंटचं उत्तर वेगळं होतं: “काम अजून अ‍ॅक्सेप्ट झालेलं नाही.” दोन रिपोर्ट हवे तसे येत नाहीत, म्हणे. हे लेखी कधीच आलं नाही.

डिसेंबरमध्ये भागीदारानं चहाच्या गाड्यावर एक गोष्ट बोलून दाखवली, जी या धंद्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेली असते. “लायसन्स फाइलमध्ये एक तारीख टाकू. १ जानेवारीला सॉफ्टवेअर उघडणार नाही. दुपारपर्यंत पैसे येतील.”

तांत्रिकदृष्ट्या दहा मिनिटांचं काम. पुढच्या अपडेटसोबत गेलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. एफडीवरचं व्याज दर महिन्याला कापलं जात होतं.

त्या आठवड्यात एका रिपोर्टच्या निमित्तानं रात्रपाळीला फौंड्रीत गेलो होतो. भट्टीवरचा मुलगा रस ओतायच्या आधी तापमान बघून आमच्या स्क्रीनवर टाकत होता, एका हातात ग्लोव्ह, दुसऱ्या हाताच्या बोटानं. हा स्क्रीन बंद पडला असता तर भट्टी थांबली नसती, चौदाशे अंशांवरचा रस कुणासाठी थांबत नाही. कास्टिंग निघाली असती, पण त्यांना हीट नंबर नसता. सकाळी गाडी भरायच्या वेळी कुठलं कास्टिंग कुठल्या हीटचं हे सांगता आलं नसतं, आणि तो सगळा माल रिजेक्टच्या ढिगात गेला असता. पैसे अडवले होते मालकानं आणि अकाउंटंटनं. शिव्या बसल्या असत्या रात्रपाळीच्या सुपरवायझरला.

कायद्याची बाजू मी नंतर वकिलांना विचारली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात, परवानगीशिवाय दुसऱ्याची संगणक यंत्रणा विस्कळीत करणं किंवा हक्काच्या माणसाला तिच्यात शिरू न देणं, हे दोन्ही येतं. आणि ते लबाडीनं केलं तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे थकले तर सेवा बंद करू, असं करारात स्पष्ट लिहून, नोटीस देऊन केलं असतं तर गोष्ट वेगळी. आमच्या करारात तसं काही नव्हतं. वकील हसून म्हणाले, “आज ते तुमचे देणेकरी आहेत. हे केलंत तर तुम्ही आरोपी.”

भागीदार दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

२६एएस

सुटका झाली ती ज्या कागदाकडे आम्ही वर्षातून एकदाच बघतो त्यातून. जानेवारीत आमच्या सीएनं सहज फर्मचा फॉर्म २६एएस काढला, म्हणजे आमच्या नावावर कुणी किती टीडीएस भरला याची आयकर खात्याकडची नोंद. त्यात फौंड्रीच्या नावापुढं सप्टेंबर तिमाहीची नोंद होती: रक्कम ६,००,०००, कापलेला टीडीएस ६०,०००.

टीडीएस कापायचा असतो पैसे देताना किंवा बिल हिशेबात जमा धरताना, जे आधी होईल तेव्हा. पैसे दिले नव्हते. म्हणजे त्यांनी बिल सप्टेंबरमध्येच वहीत घेतलं होतं. काम अ‍ॅक्सेप्ट नाही म्हणणाऱ्या अकाउंटंटनं स्वतःच कर कापून, तो भरून, रिटर्नमध्ये आमचं नाव टाकलं होतं. (तांत्रिक सेवेला दोन टक्के लागतात, दहा का कापले, हा आमचा वेगळा वाद. ‘सेफ साइडला दहा’ हे उत्तर या जिल्ह्यात सगळीकडे मिळतं. आमचे जादाचे ४८,००० पुढच्या वर्षी रिफंडमध्ये आले.)

मग पत्र लिहिलं. भागीदाराचा मसुदा चार पानी होता, त्यात स्वाभिमान वगैरे शब्द होते. मी एक पान केलं. बिलाची तारीख. २६एएसमधली नोंद. काम दिल्यापासून १५ दिवसांत एकही लेखी हरकत नाही, म्हणून एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) नुसार काम स्वीकारलं असं धरलं जातं. आमचा उद्यम नंबर (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा), २०२१ चा. तो आम्ही काढला होता बँकेनं सांगितलं म्हणून, आणि बिलावर कधी छापलाही नव्हता. मुदत १४ नोव्हेंबरला संपली. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. बँक रेट तेव्हा ६.७५ टक्के, म्हणजे व्याज २०.२५.

शेवटी मी हुकमाचं पान टाकलं, निदान मला तसं वाटलं. आयकर कायद्याचं कलम ४३-बी(एच) त्याच आर्थिक वर्षापासून लागू झालं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीबाहेर थकवले आणि ३१ मार्चपर्यंतही दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्या जानेवारी-फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीत दुसरा विषय नव्हता. काही मोठे खरेदीदार छोट्यांना उद्यम नोंदणीच रद्द करा म्हणत होते.

फौंड्रीच्या सीएचं उत्तर दोन ओळींचं आलं: सॉफ्टवेअर आम्ही खर्चात नाही, मालमत्तेत धरलं आहे, सबब सदर कलम लागू नाही.

बरोबर होतं त्यांचं. आमच्या सीएनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हे मीच आधी बघायला हवं होतं.” मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, “पण त्यांनी क्रेडिट घेतलंय ना?”

जीएसटी कायद्यात बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. सॉफ्टवेअर खर्चात धरा नाहीतर मालमत्तेत, ते चुकत नाही. ३० सप्टेंबरपासून १८० वा दिवस येत होता २८ मार्च. दुसरं पत्र तीन ओळींचं गेलं.

आणि आमचं देणं

फेब्रुवारीत मालकांनी बोलावलं. चहा झाला. त्यांनी मोबाइलवर त्यांच्या गिऱ्हाइकाची थकबाकी दाखवली, नव्वद दिवसांवर गेलेली, आमच्या बिलाच्या कितीतरी पट. “मला कोण देतंय वेळेवर?” मग म्हणाले, “देतो मार्चमध्ये. पण सोर्स कोड पाहिजे. उद्या तुम्ही नसला तर?”

मागणी रास्त होती. हो म्हणून ऑफिसला आलो आणि लक्षात आलं की सगळा कोड आमचा नाही.

रिजेक्शनचा सगळा भाग फ्रीलान्सरनं लिहिला होता. पगारी माणसानं नोकरीत लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या माणसानं लिहिलेल्याचा त्याचाच राहतो, जोवर तो लेखी सही करून देत नाही. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, हा समज आम्ही दहा वर्षं बाळगून होतो. लेखी घेतलं तरी मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरली जातात, हेही तेव्हा कळलं.

त्यात आम्ही त्याला पैसेही दिले नव्हते. ऑक्टोबरपासून ३६,००० थकले होते. त्यानं नोव्हेंबरमध्ये विचारलं तेव्हा माझं व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तर मी आता परत वाचलं: ‘क्लायंटकडून आले की लगेच टाकतो.’ फौंड्रीच्या मालकाचंच वाक्य, फक्त शुद्ध भाषेत. फौंड्रीशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याचं गिऱ्हाईक मी होतो, आणि गिऱ्हाईक पैसे बुडवेल हा धोका पत्करायचे पैसे मी घेत होतो, तो नव्हे. सात पगारी माणसांना मी माझी जबाबदारी मानली आणि आठव्याला वसुलीच्या रांगेत उभं केलं, कारण त्याची ७ तारीख नव्हती.

आधी ३६,००० टाकले. दोन दिवस जाऊ दिले, मग फोन करून सहीचं विचारलं. तो पुण्याहून एका रविवारी आला आणि सही केली. “आधी सही मागितली असतीस तर दिली नसती,” एवढंच म्हणाला.

मार्च

धुळवड सोमवारी झाली. बुधवारी, २७ तारखेला, खात्यात ६,४८,००० आले. टीडीएस आधीच गेला होता, तेव्हा मूळ रक्कम पूर्ण मिळाली. कायद्याप्रमाणे व्याज साधारण ५०,००० होत होतं, ते आलं नाही.

भागीदाराचं म्हणणं होतं, छोट्या उद्योगांच्या थकबाकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी समाधान पोर्टलवरून, असे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जावं. तिथं निकाल विरुद्ध गेला तर कोर्टात आव्हान द्यायलाही खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, म्हणजे हत्यार धारदार आहे. मी नको म्हणालो. चौथा टप्पा बाकी होता, आणि इथल्या फौंड्रीवाल्यांत कुणी कुणाचा मेहुणा, कुणी कुणाचा जुना भागीदार. पन्नास हजार सोडले हे बरोबर की चूक, यावर आमचं आजही एकमत नाही. तो म्हणतो तू घाबरलास. थोडा घाबरलोच होतो.

टॅक्स बिलाऐवजी आधी प्रोफॉर्मा (कर न लागणारं कच्चं बिल) द्या आणि पैसे आल्यावर बिल करा, असं आता बरेच जण सुचवतात. ते सगळीकडे चालत नाही. टप्पा पूर्ण झाला की बिल द्यावंच लागतं. आम्ही टप्पेच लहान केले, आणि प्रत्येक टप्प्याचे निम्मे पैसे काम सुरू करण्यापूर्वी घेतो. आगाऊ रकमेवरही कर लागतो, पण तो भरताना पैसे हातात असतात. दोन गिऱ्हाइकं या अटीवर गेली. स्वीकृतीसाठी एक पानी फॉर्म केला, त्यावर प्लँटमधल्या माणसाची सही लागते, अकाउंटमधल्या नव्हे. फ्रीलान्सरचा करार कामाआधी होतो आणि त्याचे पैसे ७ तारखेलाच जातात.

माणसं अजून सातच आहेत. दहावा माणूस घेतला की ग्रॅच्युइटी, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, हे सगळं येतं. म्हणून काही फर्म नऊवर थांबतात. आम्ही थांबलोय ते त्यामुळं नाही, तेवढं काम नाही म्हणून.

एप्रिलमध्ये देखभालीचा करार नवा करायला फौंड्रीत गेलो. मालकांनी कागद वाचला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “ती मुदतीच्या व्याजाची ओळ काढा की. घरातलीच माणसं आपण.”

मी म्हटलं, “राहू द्या, अण्णा. दर दहा हजारांनी कमी करतो.”

त्यांनी पेन मागितलं.